दोन डबे, पाणी, ८ ची लोकल... यात स्वतःसाठी सकाळचा अर्धा तास कुठून काढायचा?

डोंबिवलीची_मधली

नमस्कार सगळ्यांना. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मी ३९ वर्षांची, डोंबिवली पूर्वेला राहते, फोर्टला एका बँकेत क्लार्क आहे. घरात आम्ही दोघं, मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत आणि सासूबाई. सासूबाईंना शुगर आहे, इन्सुलिन चालू आहे.

मला दोनच गोष्टी करायच्यात. एक म्हणजे जेएआयआयबी, म्हणजे बँकेतल्या लोकांसाठी असते ती परीक्षा, द्यायचीय, बँकवाल्यांना माहीत असेल, चार पेपर असतात, पास झालं की एक इन्क्रिमेंट मिळतं आणि पुढे प्रमोशनलाही बरं पडतं. लग्नानंतर दोनदा फॉर्म भरून बसलेच नाही. दुसरं म्हणजे माझी कंबर, दिवसभर काउंटरवर बसून संध्याकाळी उठताना टेबलाला धरावं लागतं, त्यामुळे थोडा व्यायाम.

तर मेमध्ये मी ते साडेचारला उठायचे व्हिडिओ बघितले. ध्यान, मग व्यायाम, मग वाचन, मग डायरी, सगळं जग झोपलेलं असताना आपण उठायचं वगैरे. खूप पटलं मला ते. वही आणली, अलार्म लावला, अकरा दिवस केलं. बाराव्या दिवशी सकाळी सासूबाईंचा नाश्ता वाढला आणि इन्सुलिन दिलं की नाही तेच आठवेना मला. हातात इन्सुलिनचं पेन घेऊन ओट्यापाशी उभी आणि डोकं पूर्ण कोरं. त्या म्हणाल्या दिलंस गं मगाशी, पण त्यांनाही खात्री नव्हती. परत द्यावं तर डबल होण्याची भीती. शेवटी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं, सगळं नीट झालं पण माझे हातपाय गळाले होते. त्या दिवशी अलार्म काढून टाकला.

माझी सकाळ सांगते म्हणजे कळेल. ५.१५ ला उठते, साडेपाच ते सव्वासहा पाणी येतं, ते भरायचं. मुलीची बस ६.३५ ला. आधी मुलगाही तिच्याबरोबर जायचा पण आता चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर झाल्यात ना, त्यामुळे तो ८.२५ ला जातो, म्हणजे दोन वेळा उठवणं, दोन वेळा दूध, दोन वेळा डबा. साडेसातला सासूबाईंचं इन्सुलिन आणि नाश्ता. ७.५० ला मी घर सोडते, ८ ची काहीतरी लोकल. नवऱ्याचं ऑफिस ऐरोलीला, ते सातला उठतात, मुलाला बसला सोडून पावणेनऊला निघतात. रात्री मी झोपते तेव्हा पावणेबारा झालेले असतात.

यात अर्धा तास कुठून काढू? ज्यांच्या घरी मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही आहेत त्यांनीच सांगा प्लीज, कारण त्या व्हिडिओतल्या लोकांच्या घरात मला कधी कोणी दिसलंच नाही.

---

सातारची_बाई

ताई, आधी तो अपराधी भाव सोडा. तुमचा आळस नव्हता, तुमचा हिशोब चुकला होता. मी गणित शिकवते म्हणून सांगते, पावणेबाराला झोपून साडेचारला उठलात म्हणजे पावणेपाच तास. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात, हे डॉक्टर लोकांनी उगाच सांगितलेलं नाही. अकरा दिवसांत रोज सव्वादोन तास कमी, म्हणजे जवळजवळ पंचवीस तास झोप तुम्ही उधार घेतली, आणि आत्ताही ५.१५ ला उठताय म्हणजे साडेपाचच तास झोप. त्यामुळे पहिलं काम सकाळचं नाहीच, रात्रीचं आहे.

मुलांचंही बघा. सहा ते बारा वयाला नऊ ते बारा तास आणि तेराच्या पुढे आठ ते दहा तास झोप हवी असते. तुमची मुलगी पावणेसहाला उठत असेल तर ती साडेनऊला, फार तर पावणेदहाला अंथरुणात हवी. माझ्या वर्गात पहिल्या तासाला डोळे चोळणारी निम्मी मुलं असतात, फळ्याकडे बघतात पण दिसत काही नसतं त्यांना. चौथीपर्यंत नऊची शाळा हा निर्णय २०२४ च्या फेब्रुवारीत झाला तो ह्याच कारणाने, मुलांची झोप होत नाही म्हणून, आणि तो चांगलाच आहे असं माझं ठाम मत आहे, पण ज्या घरात एक पोर चौथीच्या खाली आणि एक वर आहे तिथे आईची सकाळ दुप्पट लांब झाली हे कोणी बोलत नाही. तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं.

मी काय करते सांगते. रात्री जेवणं झाली की भांडी घासायच्या आधी पंधरा मिनिटं फक्त उद्याचं. भाजी चिरून डब्यात, कणीक मळून वर तेलाचा हात फिरवून फ्रिजमध्ये, फोडणीचं साहित्य एका ताटलीत झाकून, डबे उघडे करून ओट्यावर ओळीने, पाण्याच्या बाटल्या भरून. दप्तर मुलांनी स्वतः भरायचं आणि दाराशी ठेवायचं, सकाळी दप्तर उघडायचं नाही असा नियमच आहे. कणीक फ्रिजमधून सकाळी उठल्या उठल्या बाहेर काढायची म्हणजे पोळी लाटेपर्यंत मऊ होते. एवढं केलं की सकाळची वीस-पंचवीस मिनिटं सुटतात. आणि सव्वादहाला दिवा बंद. मालिका अर्धवट राहिली तर राहू दे, मी खरंच सांगते काही बिघडत नाही, पुढच्या एपिसोडला तेच असतं.

पण एक सांगा, रात्री पावणेबारापर्यंत तुम्ही नक्की काय करत असता?

---

डोंबिवलीची_मधली

बाई, घरी यायलाच साडेसात-पावणेआठ होतात. मग स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, जेवणं, आवरणं, साडेदहा होतात. त्यानंतर खरं सांगू तर फोन घेऊन पडते. सगळे झोपलेले असतात, घर शांत असतं, दिवसभरात तेवढाच वेळ कोणी हाक मारत नाही. तो सोडवत नाही. लिहिताना जाणवलं की सव्वा तास जातोय तो असा.

---

पहिली_पाळी

मी पुरुष आहे, नवरा म्हणून लिहितोय, चालेल ना. चाकणला कंपनीत आहे, बायको नर्स आहे, तिच्या ड्युट्या बदलत्या असतात.

ताई तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ मला टोचली, ते सातला उठतात. तुमच्या नवऱ्यावर टीका नाही करत कारण मी पण तसाच होतो, मला वाटायचं मी मदत करतो. दोन वर्षांपूर्वी बायको एकदा नाइट करून आली आणि चपला न काढता तशीच डबा करायला उभी राहिली, ते बघून मला कसंतरी झालं. त्या रविवारी आम्ही दोघांनी कागद घेतला आणि पहाटे पाच ते आठ घरात जे जे होतं ते सगळं लिहून काढलं, मोटर चालू करणं, दूध आत घेणं, गीझर, मुलाचे मोजे शोधणं, सगळं. २३ कामं निघाली. १९ तिची होती. कागदावर बघितल्यावर बोलायला काही उरलंच नाही.

मग आम्ही मदत हा शब्द बंद केला. मदतीत काय होतं की आठवण तिनेच ठेवायची, सांगायचं तिनेच, मी फक्त हात लावायचा. त्यापेक्षा अख्खं काम घ्यायचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी पाणी आणि मुलाचा डबा घेतला. डबा म्हणजे उद्या काय करायचं हे ठरवण्यापासून ते संध्याकाळी डबा घासायला टाकण्यापर्यंत. महिनाभर पोळ्या जाड झाल्या, मुलाने त्याच खाल्ल्या, तिने एकदाही मध्ये हात घातला नाही आणि हे फार महत्त्वाचं आहे, तुम्ही पण घालू नका. आता तिची मॉर्निंग असो की नाइट, घरी असेल त्या दिवशी वीस मिनिटं ती गच्चीवर असते आणि त्या वेळात आम्ही दोघं बापलेक तिला हाक मारत नाही.

तुमच्याकडे मुलाची ८.२५ ची बस आहे, म्हणजे त्याचं उठणं, दूध, डबा, युनिफॉर्म सगळं नवऱ्याचं व्हायला काहीच हरकत नाही, तुम्ही तर ७.५० ला बाहेर असता. पाणी पण. सहाला उठावं लागेल त्यांना फार तर.

अजून एक, ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे म्हणतात त्यावर जाऊ नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कोणाला १८ दिवसांत जमलं आणि कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि त्यात असंही दिसलं की मधे एखादा दिवस चुकला तर फारसा फरक पडत नाही. तुम्ही अकरा दिवस करून सोडलंत म्हणजे तुमच्यात कमी आहे असं बिलकुल नाही.

---

गोठ्यावरची

संगमनेरकडची आहे मी. आमच्या घरी रोज चारला उठावं लागतं, आठ गायी आहेत, शेण काढायचं, धारा काढायच्या, साडेसहाच्या आत दूध डेअरीला गेलंच पाहिजे. त्यामुळे पहाटे उठलं की आयुष्य बदलतं असं कोणी म्हणलं की मला वाटतं माझ्या आईचं, सासूचं, आजेसासूचं केव्हाच बदलायला पाहिजे होतं, त्या जन्मभर चारलाच उठल्या. उठण्यात काही नाही ताई, उठून तो वेळ कोणाचा असतो त्यात आहे.

मला स्वतःसाठी वेळ दुपारी मिळतो. दीड ते अडीच. जनावरं बसलेली असतात, सासरे झोपतात, मुलं शाळेत. त्या वेळात मी ३५ व्या वर्षी एमएससीआयटी, तो कॉम्प्युटरचा कोर्स, केलं, तालुक्याला जाऊन परीक्षा दिली, आता डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाचा, खाद्याचा, डॉक्टरचा सगळा हिशोब मी एक्सेलमध्ये ठेवते आणि कोणती गाय परवडते कोणती नाही हे मालकांना मीच दाखवते. सुरुवातीला माऊस धरताना हात थरथरायचा, कासेला कधी थरथरला नव्हता तो.

म्हणून माझा प्रश्न असा की तुम्हाला सकाळच का पाहिजे? अभ्यास सकाळीच होतो असं कोणी ठरवलं? तुमच्या दिवसात असा वेळ शोधा जेव्हा तुम्हाला कोणी हाकच मारू शकत नाही. तुम्ही फोर्टला जाता म्हणजे येताना गाडी तिथूनच सुटत असेल ना, बसायला मिळतं का? माझी बहीण कल्याणला आहे, ती म्हणते जाताना उभं राहायला जागा नसते पण येताना सीट मिळते.

---

डोंबिवलीची_मधली

ताई तुम्ही कुठे बोट ठेवलंत!! हो, येताना सीएसएमटीहून बसायला मिळतं, एखादी गाडी सोडली तर खिडकी पण मिळते. तास-सव्वा तास असतो. त्यात मी आजपर्यंत फोन बघते, मटार सोलते किंवा झोपते. जाताना मात्र चौथी सीट पण नशिबात नसते, हात वर करून दांडीला धरलं की धरलं, पुस्तक काढायचा प्रश्नच नाही.

नवऱ्याशी बोलायचं मात्र जरा जड जातंय. ते वाईट नाहीत हो, पण सासूबाईंसमोर त्यांनी पोळ्या लाटायच्या म्हणजे...

---

मिरजेची_काकू

मी आता सासू आहे, ६४ वर्षांची, त्यामुळे त्या टिंबटिंबचं उत्तर मी देते बाळा.

विचार त्यांनाच. नवऱ्याच्या आधी सासूबाईंना विचार. आम्हाला सगळ्यात जास्त काय खुपतं माहितीये? आपलं इन्सुलिन, आपला नाश्ता, आपलं पथ्य, आपण नुसतं घरातलं एक काम होऊन बसलोय हे. त्यांचे डोळे आणि हात नीट असतील तर डॉक्टरांना विचारून त्यांनाच पेनने इन्सुलिन घ्यायला शिकव, माझ्या मैत्रिणी स्वतः घेतात. आणि ते जमलं नाही तरी घेतल्याची खूण त्यांनी स्वतः करायची. आमच्याकडे कालनिर्णय स्वयंपाकघरात भिंतीला असतं, त्याला दोऱ्याने पेन बांधलंय. इंजेक्शन घेतलं की त्या तारखेच्या चौकटीत रेघ, सकाळची एक, रात्रीची एक. रेघ आधी, ताट नंतर. तुझ्यासारखा प्रसंग माझ्या सुनेवर पण आला होता, तेव्हापासून हे आहे, परत कधी घोळ झाला नाही.

आता अभ्यासाचं. माझं लग्न अकरावीनंतर झालं. बी.ए. मी मुक्त विद्यापीठातून केलं, नाशिकचं आपलं यशवंतराव चव्हाण, तेव्हा नवीनच होतं, १९८९ ला सुरू झालेलं. आमच्याकडे तेव्हा पहाटे पाणी यायचं, करंगळीएवढी धार, एक हंडा भरायला सात मिनिटं लागायची. चौदा भांडी भरायची असायची. मी नळाशी पाटावर बसायचे, मांडीवर पुस्तक, भांडं भरत आलं की आवाज बदलतो बघ, बुडबुड बारीक होत जाते, तो आवाज आला की पुस्तक उलटं ठेवायचं, भांडं बदलायचं, परत उचलायचं. एका भांड्याला दोन पानं. इतिहासाचे दोन पेपर मी नळावर केलेत. पुस्तकाची पानं ओलसर होऊन फुगली होती, अजून आहेत माझ्याकडे. सगळ्यांना वाटायचं मी पाणी भरतेय, आणि भरतच होते की.

सासूबाईंना वाईट वाटेल म्हणून मी परीक्षेचं घरात सांगितलंच नव्हतं पहिल्या वर्षी. ती चूक झाली. दुसऱ्या वर्षी सांगितलं तर त्या म्हणाल्या आधी का नाही बोललीस, आणि परीक्षेच्या रविवारी त्यांनी सगळा स्वयंपाक केला. म्हणून सांगते, बोल.

आणि कंबरेचं, आधी एकदा दाखवून घे कोणाला तरी. मग करायचंच तर सूर्यनमस्कार घाल, पण सहा, बारा-चोवीसच्या मागे लागू नकोस. पहाटे अंधारात एकटीने रस्त्यावर चालायला जाऊ नको, थंडीत तर आपल्याकडे सातनंतर उजाडतं.

---

सातारची_बाई

काकूंना नमस्कार. त्या भांड्याच्या आवाजाचं वाचून अंगावर काटा आला.

व्यायामाचा हिशोब मी करून देते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करावं, आणि २०२० पासून त्यांनी हेही सांगितलंय की सलग दहा मिनिटंच पाहिजेत अशी अट नाही, तुकड्या-तुकड्यांत केलेलं पण धरलं जातं. तुमच्या घरापासून स्टेशन किती लांब? पंधरा मिनिटं भरभर चालण्याएवढं असेल तर रिक्षा सोडा. जाताना पंधरा, येताना पंधरा, आठवड्याचे पाच दिवस, झाली १५० मिनिटं. कार्यक्रमात एक मिनिटसुद्धा वाढवावं लागलं नाही, आणि ज्या आठवड्यात दुसरा-चौथा शनिवार नसेल त्यात तर अजून जास्त.

---

डोंबिवलीची_मधली

पाच आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, पण अर्धवट काही सांगायचं नव्हतं.

काकू, तुम्ही म्हणालात तसं सासूबाईंशी आधी बोलले. एका रविवारी त्या मेथी निवडत होत्या, मी शेजारी बसले, म्हटलं आई मला परीक्षा द्यायचीय. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, मी सातवीत पहिली आले होते, माहितीये का तुला? चौदा वर्षं एका घरात आहोत आणि मला माहीत नव्हतं. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी दोनदा करून घेतलं त्यांच्याकडून, आता इन्सुलिन त्या स्वतः घेतात, डोस मी लावून देते आणि रेघ त्या ओढतात. पेनला दोरा बांधलाय. आणि नवऱ्याला त्यांनीच सांगितलं, मला बोलावंच लागलं नाही, संध्याकाळी म्हणाल्या उद्यापासून पाणी तू भर, ती दमते.

पहिली पाळी दादा, तुमचा कागद आम्ही पण केला. आमच्याकडे २६ कामं निघाली. आता पाणी आणि मुलाचं सकाळचं सगळं यांच्याकडे. पहिल्या आठवड्यात दोनदा पाणी गेलं, म्हणजे हे उठेपर्यंत बंद झालं, त्या दिवशी सगळ्यांनी बादलीभर पाण्यात भागवलं, मी काही बोलले नाही, फार कठीण गेलं ते. आता पाच-वीसला उठतात. डब्यात मुलाला रोज पोळीचा रोलच असतो, पण तो खुश आहे.

रात्री सव्वादहाला जमत नाही, पावणेअकरा होतात. फोन हॉलमध्ये चार्जिंगला ठेवते. सुरुवातीला चार-पाच दिवस फार चिडचिड झाली, तो शांत वेळ हातातून गेला असं वाटायचं, पण संध्याकाळची ट्रेन आहे ना आता.

ट्रेनमध्ये अभ्यास. ५.५० च्या आसपासची पकडते, बसले की कानात कापूस, पुस्तकाची पानं सुटी करून फाइलला लावलीत कारण जाडजूड पुस्तक त्या गर्दीत उघडत नाही. ठाण्यापर्यंत वाचायचं, त्यानंतर पुस्तक बंद करून वाचलेलं मनात म्हणायचं. माझ्या शेजारी एक कॉलेजची मुलगी बसते ती प्रश्न विचारते मला फाइल बघून. बँकिंगचा आणि इकॉनॉमीचा पेपर वाचून झाला.

सकाळी ५.२० ला उठते म्हणजे आधीपेक्षा पाच मिनिटं उशिराच, आणि पाणी माझ्याकडे नसल्यामुळे साडेपाच ते पावणेसहा मोकळी असते. फिजिओला दाखवलं, त्यांनी चार व्यायाम दिलेत, ते आणि सहा नमस्कार. मुलगी कधीकधी पावणेसहाच्या आधीच उठून शेजारी चटई टाकते, डोळे मिटलेलेच असतात तिचे. स्टेशनला चालत जाते, येताना मात्र भाजीच्या पिशव्या असतील तर रिक्षा. ध्यान आणि डायरी सोडून दिलं, सध्या नाही. नऊ दिवस चुकले या पाच आठवड्यांत, मुलाला ताप होता तेव्हा सलग चार.

आता मदत हवीय ती वेगळी. अकाउंटिंगच्या पेपरमधलं रेशो अॅनालिसिस डोक्यातच शिरत नाहीये, ट्रेनमध्ये कॅल्क्युलेटर काढून गणितं होत नाहीत. कोणी जेएआयआयबी दिलेलं आहे का इथे, तुम्ही तो भाग कसा केलात? रविवारी दुपारी दोन तास मिळू शकतील मला, हे मुलांना घेऊन खाली जातो म्हणालेत. त्या दोन तासांत गणितं पुरी होतील की शनिवारची सुट्टी असेल तेव्हा पण बसावं लागेल?